गावात शेतीचं अनुदान नेमकं कुणाला मिळालं, हे कुठं बघायचं? (कोल्हापूर जिल्हा)

बांधकरी

जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. आमचं गाव कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. साडेचारशेच्या आसपास खातेदार, निम्म्याहून जास्त जणांची जमीन एकराच्या आत. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे की गेल्या पाच वर्षांत शेतीच्या योजनांचा पैसा गावात किती आला आणि कुणाच्या खात्यावर गेला. पारावर रोज एकच वाद असतो, ‘त्याच त्या दहा घरांना सगळं मिळतंय.’ खरं असेल तर कागदावर दिसलं पाहिजे, खोटं असेल तर तेही दिसू दे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, गाववार यादी कुठं मिळते आणि त्यात काय काय दिसतं? दोन, यादीत न दिसणारा पैसा कुठला? तीन, लहान खातेदाराचा अर्ज नेमका कुठल्या पायरीला अडकतो? राजकारण नको, कोणत्या पुढाऱ्यानं काय केलं तेही नको. कागद, दाखले, रकमा, मुदती एवढंच सांगा.

आठ-अ

एकच यादी कुठंही नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. पैसा निदान पाच वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेची यादी वेगळ्या टेबलावर असते.

पहिली वाट पीएम किसानची. पोर्टलवर लाभार्थी यादी उघडून राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं येतात. नाव सोडून फारसं काही दिसत नाही. कुणाचा हप्ता कुठं अडकला ते ज्याच्या त्याच्या नोंदणी क्रमांकावरच कळतं. वर्षाला ६,००० केंद्राचे, २,००० च्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,०००. नमोची वेगळी नोंदणी नसते. पीएम किसानला पात्र तो नमोला पात्र, आणि तिथं अडकला तो दोन्हीकडं अडकला.

दुसरी महाडीबीटी, म्हणजे राज्याचं ऑनलाइन अनुदानाचं पोर्टल. ट्रॅक्टर, अवजारं, ठिबक, तुषार, पाईप, पंप, फळबाग, शेडनेट हे सगळं त्यात. पोर्टलवर निधी वितरित लाभार्थ्यांची यादी गावापर्यंत बघता येते. घटक आणि रक्कम तिथं मिळते, म्हणून तुमच्या कामाला हीच सगळ्यात उपयोगी.

तिसरी जिल्हा परिषदेची. बहुतेक जण तालुका कृषी अधिकाऱ्याकडं चौकशी करतात आणि पंचायत समितीचा कृषी विभाग विसरतात. सेस फंडातून (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून) ताडपत्री, फवारणी पंप, पीव्हीसी पाईप असं जे मिळतं ते तिथून. अनुसूचित जातींसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना (नवीन विहीर, जुनी विहीर दुरुस्ती, पंप) हीसुद्धा जिल्हा परिषदेकडं. या वस्तू लहान असतात, पण ‘त्याच त्या घरांना’ ही तक्रार खरी आहे का ते तपासायचं तर इथंच तपासा, कारण नग मोजके आणि मागणारे भरपूर.

चौथी रोजगार हमीची. सिंचन विहीर, बांधावरची फळझाडं, गोठा. नरेगाच्या संकेतस्थळावर ग्रामपंचायतनिहाय कामांची यादी, हजेरीपट आणि कामावर झालेला खर्च दिसतो.

पाचवी नुकसानभरपाईची. अतिवृष्टी आणि पुराच्या याद्या तहसीलला तयार होतात, गावात तलाठ्याकडं येतात (हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी, तरी लोक तलाठीच म्हणतात). यादीत प्रत्येकापुढं विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यायला सांगितला असेल तर तो दिल्याशिवाय रक्कम जमा होत नाही. यादीत नाव आहे आणि पैसे नाहीत, अशी जी माणसं असतात त्यातली बरीचशी या अंगठ्यापाशीच थांबलेली असतात.

जे ऑनलाइन दिसत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. कलम ४(१)(ख)(बारा) बघा. अनुदान कार्यक्रम कसा राबवला, रकमा किती, लाभार्थी कोण, हे कार्यालयानं कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. अर्जात हे कलम लिहिलं की ‘वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून टोलवणं अवघड जातं. आधार आणि बँक खाते क्रमांक मात्र मागू नका. ते मिळणार नाहीच, वर त्या निमित्तानं सगळा अर्ज फेटाळायला कारण मिळतं.

गटसचिव

वरची माहिती बरोबर आहे. पण त्या पाचही याद्या एकत्र केल्या तरी गावात आलेल्या सरकारी पैशाचा लहान तुकडाच हाताला लागेल. मोठा पैसा कुणाच्या नावावर दिसतच नाही. तो तीन ठिकाणी मुरलेला असतो, खत, व्याज आणि वीज.

खताचा हिशोब घ्या. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कित्येक पट आहे आणि मधला फरक सरकार कंपनीला देतं. दुकानदाराच्या पॉस मशीनवर अंगठा पडला की तो नग कंपनीच्या अनुदानाला लागतो. म्हणजे अनुदान गोणीला आहे, माणसाला नाही. जास्त गोण्या टाकणाऱ्याला जास्त.

आता उसाला लावून बघा. आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे सगळं नत्र युरियातून द्यायचं झालं तर हेक्टरी ८७० किलो, १९ गोण्या. एकराला पावणेआठ. डोंगराकडं चंदगड-आजऱ्याला ३० गुंठे भात करणाऱ्याच्या दारात वर्षाला दोन-तीन गोण्या येतात. शिरोळला पाच एकर आडसालीवाल्याच्या दारात चाळीसभर. कुठल्याही यादीत हे दिसत नाही. पॉसवर नोंद असते ती खरेदीदाराची, शेताची नव्हे. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, फाळ्यानं (खंड देऊन दुसऱ्याची जमीन) करणाऱ्यालाही हे अनुदान मिळतं, कारण इथं सातबारा कुणी मागत नाही.

व्याजाचं बघा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राचा ३ टक्के परतावा आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलतीतून राज्याचा हिस्सा मिळून जिल्हा बँकेच्या सभासदाला ते शून्य टक्क्यानं पडतं. ६ टक्क्यांनी मोजलं तर तीन लाखांवर वर्षाला १८,००० रुपये वाचले. विकास संस्थेतून (गावातल्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेतून) ४०,००० उचलणाऱ्याचे वाचले २,४००. टक्का दोघांना सारखाच, रुपये सारखे नाहीत, कारण कर्जमर्यादा क्षेत्राला आणि पिकाला बांधलेली असते आणि उसाचा दर भातापेक्षा मोठा. आणि जो संस्थेचा सभासदच नाही, थकबाकीत आहे किंवा ज्याच्या सातबाऱ्यावर वाद आहे, त्याला यातलं काहीच नाही. तो सावकार, सोनं गहाण, नाहीतर कुठल्यातरी खासगी फायनान्सकडं जातो.

मुदतीची अडचण इथंच येते. सवलतीची अट कर्ज उचलल्यापासून जास्तीत जास्त ३६५ दिवसांची. आडसाली जुलै-ऑगस्टात लागते आणि तुटते पुढच्या वर्षीच्या गाळपात, म्हणजे १५ ते १८ महिन्यांनी. कारखान्याच्या बिलातून वसुली व्हायची वाट बघितली तर मुदत उलटून गेलेली असते. मग नवं-जुनं करतात. कुठून तरी आठ दिवसांसाठी रक्कम उभी करायची, भरायची, पुन्हा उचलायची. हातात पैसा असलेल्याला हे फुकट पडतं. नसलेला आठ दिवसांचं व्याज हातउसन्याला देतो किंवा सवलत घालवतो.

२०२२ मध्ये नियमित फेडणाऱ्यांना जे ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर अनुदान वाटलं, त्याची यादी बँकेनं संस्थेत लावली होती, ती मागा. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांतली कोणतीही दोन वर्षं वेळेत फेडलेली असणं ही अट होती. २०१९-२० चं कर्ज पन्नास हजारांच्या आत असेल तर तेवढीच रक्कम. म्हणजे २२,००० चं कर्ज घेणाऱ्या फाटक्या सभासदाला २२,००० आणि दोन लाखवाल्याला पूर्ण ५०,०००. आकडे बघून लोक ‘वशिला’ म्हणतात. वशिला नव्हता, नियमच तसा होता.

विजेचं कोल्हापुरात वेगळंच त्रांगडं आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला बिल नाही. ज्याची स्वतःची विहीर किंवा नदीवर स्वतःची मोटार, त्याला फायदा. पण नदीकाठचा लहान शेतकरी बहुतेक सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या पाण्यावर असतो आणि संस्थेच्या मोटारी साडेसातच्या कितीतरी वरच्या. त्यांना दरात वेगळी सवलत आहे, माफी नाही. ते बिल सभासदाच्या पाणीपट्टीतून वसूल होतं. सव्वा एकरवाला पाणीपट्टी भरतो आणि स्वतःच्या पाच एचपीवर चार एकर भिजवणारा काहीच भरत नाही. ग्रामसभेत मांडायचंच असेल तर हा मुद्दा मांडा, यादी तपासण्यापेक्षा यात दम आहे.

सोळा एमएम

तिसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो, महाडीबीटीचे अर्ज रोज डोळ्यांखालून जातात.

भावा, अर्ज भरायला काही लागत नाही. २३ रुपये ६० पैसे फी, आणि १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झालाय, तो असला की बास. खरी गंमत नंतर हाय. आधी सोडत होती, नशिबाचा भाग होता. आता ज्याचा अर्ज आधी त्याचा नंबर आधी. वरवर न्याय्य दिसतंय, पण ज्याला पहिल्या आठवड्यात कळलं तो पुढं. कळतं कुणाला? ज्याचं सेवा केंद्रात उठणं-बसणं आहे त्याला.

नंबर लागला की मोबाईलवर मेसेज येतो आणि कागद चढवायला मुदत पडते. सातबारा, आठ-अ, कोटेशन, अवजार असेल तर मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल. मेसेज ज्या नंबरवर जातो तो नंबर तीन वर्षांपूर्वी पोरानं टाकलेला, पोरगं आता पुण्याला, सिम बदललेलं. मुदत संपली, अर्ज रद्द. लई अर्ज इथंच मरतात. अर्ज केलेला असेल तर आजच लॉगिन करून मोबाईल नंबर तपासा.

त्याच्या पुढची पायरी पूर्वसंमती, म्हणजे खरेदीच्या आधीची मंजुरी, आणि सगळ्यात महागडी चूक हितंच होते. पूर्वसंमतीपत्र हातात यायच्या आधी बिल फाडलं तर अनुदान नाही. दुकानदार म्हणतो, ‘उचला हो, येतंय पत्र आठ दिवसांत.’ बिलाची तारीख पत्राच्या आधीची निघाली की संपलं, मग कुणीही काही करू शकत नाही. पैसे रोख देऊ नका. स्वतःच्या खात्यावरून आरटीजीएस किंवा चेकनं, आणि ते सुद्धा अर्जदाराच्याच खात्यावरून. भावाच्या खात्यावरून दिले तर त्रुटी निघते. मग मोका तपासणी, फोटो, आणि शेवटी आधार जोडलेल्या खात्यावर रक्कम.

आता लहान शेतकरी का मागं पडतो ते बघा. अनुदान नंतर येतं. आधी अख्खी वस्तू पदरच्या पैशानं घ्यायची. ट्रॅक्टरला अल्प, अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, कमाल सव्वा लाख. बाकीच्यांना ४० टक्के, कमाल एक लाख. कागदावर लहानाला झुकतं माप. पण सात लाखांच्या ट्रॅक्टरला सव्वा लाख म्हणजे पन्नास टक्के नव्हे, अठरा टक्के. उरलेल्या पावणेसहा लाखांना तारण कोण देणार? ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटर, पलटी नांगरालाही घरात कुणाच्या तरी नावावर ट्रॅक्टर असल्याचा पुरावा लागतो. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्याच दारात दरवेळी अवजार. ‘त्याच त्या दहा घरांना’चं निम्मं उत्तर हितं हाय, चोरी न करता.

ठिबकचं थोडं खोलात सांगतो, कारण उसाला तेच लागतं. अल्प-अत्यल्प भूधारकाला एकूण ८० टक्के, इतरांना ७५ (केंद्राचे ५५ आणि ४५, वर राज्याची पुरवणी). कमाल ५ हेक्टर. पण हे टक्के तुमच्या बिलावर नाहीत, सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर. समजा तुमच्या क्षेत्राचा मापदंड ४०,००० बसतो आणि बिल झालं ५२,०००. मिळणार ३२,०००, पदरचे २०,०००. दुकानात ‘८० टक्के माफ’ ऐकून जातात आणि मग भांडत बसतात.

मोजमाप स्वतः करायला शिका. पाच फुटी सरीला एकरात ४३,५६० भागिले ५, म्हणजे ८,७१२ फूट, २,६५५ मीटर लॅटरल (सरीतली ठिबकची नळी) लागते. साडेचार फुटी सरी असेल तर २,९५० मीटर. बिलात एकराला १६ एमएमची नळी २,६०० मीटरच्या आसपास आणि शेतात सरी साडेतीन फुटी, असं असेल तर काही सऱ्या सोडून नळी पसरलेली आहे किंवा आराखडा दुसऱ्याच शेताचा आहे. तपासणीला टेप पडतो. आराखडा काढायला येणाऱ्याला सरीचं अंतर तुम्ही सांगा, त्यानं ठोकताळ्यानं लिहू नये. नळीवर आयएसआय मार्क आणि बॅच नंबर छापलेला दिसला पाहिजे, फोटोत तोच मागतात. एकदा ठिबकचा लाभ घेतला की त्याच क्षेत्रावर सात वर्षं पुन्हा नाही, म्हणून हलकी नळी घेऊन दोन वर्षांत उंदरांना खायला घालू नका.

आणि पाण्याचा स्रोत. संस्थेच्या पाण्यावर असाल तर सातबाऱ्यावर विहीर-बोअर काही नसतं, मग संस्थेचा पाणी देत असल्याचा दाखला जोडायचा. कागद जुळतो हो, पण पाळी बारा-पंधरा दिवसांनी येते. ठिबकला रोज किंवा दिवसाआड पाणी लागतं. मधे शेततळं किंवा बोअर नसेल तर नळी शेतात आणि पाणी पाटात अशी गत. म्हणून नदीकाठच्या गावांत ठिबकची यादी तुटपुंजी दिसली तर लगेच कृषी खात्यावर घसरू नका.

बांधकरी

गटसचिव साहेब, पाणीपट्टीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. आता राहिलेले दोन प्रश्न. गावात चाळीसेक जण दुसऱ्याची जमीन फाळ्यानं करतात आणि वीस-बावीस जण देवस्थानच्या जमिनीवर आहेत. शिवाय निम्म्या सातबाऱ्यांवर अजून आजोबाचंच नाव आहे. यांचं काय होतं?

मंडल

तिन्ही गट वेगवेगळे आहेत, एकत्र करू नका.

फाळेकरी: अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला जातं, कसणाऱ्याला नाही. कुळकायद्याची धास्ती अजून गेलेली नाही, १ एप्रिल १९५७ ला जमिनी कुळांच्या झाल्या हे घराघरात माहीत आहे, म्हणून मालक लेखी करार देत नाही आणि कसणारा मागत नाही. परिणामी पूर आला की पीक फाळेकऱ्याचं जातं आणि भरपाई मालकाच्या खात्यावर. ठरलेल्या दरानं बागायत पिकाला हेक्टरी १७,०००, म्हणजे गुंठ्याला १७२ रुपयांच्या आसपास. ३० गुंठ्यांना साधारण ५,१५०. नुकसान किमान ३३ टक्के असेल तरच. एवढीशी रक्कमही नांगरणाऱ्याला मिळायची तर मालकाच्या मनावर. फाळा ठरवताना ‘भरपाई आली तर कुणाची’ हे तोंडी का होईना चार माणसांत ठरवून घ्यावं. आणि ऊस करणाऱ्यांनी पीक विम्याच्या नादी लागू नये, आपल्याकडं त्या योजनेत ऊस बसत नाही. भात, सोयाबीन, भुईमूगवाल्यांनी बघावं. एक रुपयाचा विमा बंद झाला आहे, आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याचा.

देवस्थान: सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून देवस्थानचं नाव आणि कसणाऱ्याचं नाव इतर हक्कात असेल, तर तो खातेदार धरला जात नाही. संस्थेच्या मालकीची जमीन पीएम किसानमधून मुळातच वगळलेली आहे. ओळख क्रमांक काढतानाही तो गट त्याच्या नावाला जोडला जात नाही. त्याची दुसरीकडं स्वतःची पाच गुंठे जरी जमीन असेल तर त्या गटावर ओळख क्रमांक काढावा. पीएम किसान-नमोचे १२,००० क्षेत्रावर अवलंबून नसतात, पाच गुंठ्यांनाही तेवढेच आणि पाच एकरांनाही तेवढेच. सगळ्या योजनांत लहानाला सर्वांत जास्त उजवी हीच आहे. वतनाच्या वर्ग २ जमिनीचं (विकायला सरकारची परवानगी लागते ती) असं नाही, तिथं भोगवटादार स्वतः खातेदार असतो, तो पात्र आहे. वर्ग २ बघून माघारी पाठवलं तर आठ-अ पुढं करा.

आजोबाचं नाव: हे मात्र आपल्याच हातात आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांचे आधार घेऊन ई-हक्क या महसूल खात्याच्या पोर्टलवर वारस नोंदीचा अर्ज. फेरफार पडतो, १५ दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडल अधिकारी मंजूर करतात. बहिणींची नावं गाळू नका, हरकत तिथूनच येते आणि मग दोन वर्षं जातात. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही जमीनधारणेची तारीख आहे, त्यानंतर खरेदीनं आलेल्या जमिनीवर लाभ नाही, पण वारसानं आलेल्या जमिनीवर आहे. लोकांना पहिलं वाक्य माहीत असतं, दुसरं कुणी सांगत नाही.

वारस लागले आणि सातबारा सामायिक झाला तरी प्रत्येकाला स्वतंत्र ओळख क्रमांक काढता येतो. ठिबक-पंपाला मात्र बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. तिथं भाऊबंदकी आडवी येते. कायमचं मिटवायचं तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप. आणखी एक गोम, सामायिक आठ-अ वर सगळ्यांचं क्षेत्र एकत्र दिसतं, म्हणून ३० गुंठ्यांचा हिस्सेदार दोन हेक्टरांच्या वरचा ठरतो आणि ठिबकचे ८० टक्के ७५ होतात. अल्पभूधारकाचा दाखला काढताना स्वतःच्या हिश्शाचं क्षेत्र लिहून घ्या.

यादी तपासताना अपात्र कोण तेही बघून ठेवा, नाहीतर ग्रामसभेत उगाच कुणाचं तरी नाव घेतलं जाईल. पीएम किसानला नोकरीतले आणि निवृत्त सरकारी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), १०,००० वर पेन्शन घेणारे, मागच्या वर्षी आयकर भरलेले, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए बसत नाहीत. नुसतं कर्जासाठी रिटर्न भरलं आणि कर शून्य असेल तर माणूस नियमानं अपात्र होत नाही. नवरा-बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, त्यात एकालाच. दोघांच्या नावावर वेगळी जमीन असली तरी. सज्ञान मुलगा ज्या घरात स्वतंत्र खातेदार आहे तिथं त्याचा वेगळा हप्ता, म्हणून ज्या घरानं २०१९ च्या आत खातेफोड (जमिनीची खाती वेगळी) केली होती तिथं तीन-तीन हप्ते दिसतील. ते कायदेशीर आहे.

हप्ता बंद पडलेल्यांसाठी स्टेटसमध्ये तीन ओळी बघा, ई-केवायसी (ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार बँक सीडिंग (खात्याला आधार जोडणं). पहिली मोबाईलवर होते. दुसरीला सातबारा घेऊन तालुक्याला जावं लागतं. तिसरीत घोटाळा असा की आधार शेवटी ज्या खात्याला जोडला त्याच खात्यावर पैसे जातात. पासबुक जिल्हा बँकेचं बघत बसतात आणि हप्ता पोस्टाच्या खात्यात पडून असतो.

बांधकरी

माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा लिहायचा तेवढं सांगा. नमुना असला तर बरं.

आठ-अ

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. म्हणून तालुका कृषी अधिकारी, पंचायत समिती आणि तहसील असे तीन वेगळे अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाच्या नावानं केला तर तोही नाही. नक्कल पानाला २ रुपये. मजकूर साधारण असा ठेवा:

‘माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम ४(१)(ख)(बारा) अन्वये, मौजे अमुक, ता. कागल येथील दि. १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२५ या काळातील कृषी यांत्रिकीकरण व सूक्ष्म सिंचन योजनांच्या लाभार्थ्यांची वर्षनिहाय यादी मिळावी. यादीत लाभार्थ्याचे नाव, घटक, धारण क्षेत्र, प्रवर्ग, पूर्वसंमतीचा दिनांक व वितरित रक्कम असावी. तसेच त्याच काळात रद्द झालेल्या अर्जांची संख्या व रद्द होण्याचे कारण मिळावे. आधार व बँक तपशील नको.’

रद्द अर्जांचं वाक्य गाळू नका. मिळालेल्यांच्या यादीपेक्षा तीच यादी जास्त बोलते. पोच घ्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडं.

सोळा एमएम

आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्येच येणार, ग्रामसभेत वाचताना गुंठ्यात करून घ्या. ०.३० म्हणजे तीस गुंठे धरलं तरी चालतंय. ०.०३ आणि ०.३० मात्र नीट बघा, टायपिंगमध्ये ते शून्य लई वेळा सरकतं.